गॅलरीतल्या पुष्पलताबाई

नागपुरात थंडी पडते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याच्या डोक्यात नागपूर म्हणजे मे महिना आणि संत्री, बस. थंडीचं नाव काढलं की तो हसतो, आणि मग डिसेंबरात एखाद्या लग्नाला येऊन पातळ शर्टात मंडपाच्या कडेला कुडकुडत उभा राहतो. त्याची कीव करायचं कारण नाही. इथं जन्म काढलेल्या माणसाचीही अवस्था काही फार बरी नसते, कारण इथली घरंच मुळात उन्हाळ्याच्या धाकानं बांधलेली असतात. खिडक्या समोरासमोर, फरशी थंडगार, दाराखाली बोटभर फट, आणि एका खिडकीची काच कायमची काढून तिथं बसवलेला कूलर. हा कूलर चार महिने घरातल्या कर्त्या पुरुषाचा मान खातो आणि उरलेले आठ महिने बाहेर लोखंडी स्टँडवर बसून घरात वारा सोडतो.

मनीषनगरातल्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या रुपराव ढोल्यांनी या वर्षी त्या वाऱ्याशी उभा दावा मांडला होता.

रुपराव कळमेश्वरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. चिठ्ठी असल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला साधा नट दिला नाही, साहेबालासुद्धा नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण स्टोअर सुटलं नाही. जगात टाकून देण्यासारखं काही नसतं असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत त्यांनी पलंगाखाली, माळ्यावर आणि गॅलरीच्या कोपऱ्यात साठवून ठेवलं होतं. तुटक्या छत्रीच्या काड्या, सायकलच्या फाटक्या ट्यूब, कारखान्यातून निरोपाच्या दिवशी मिळालेला एक भलामोठा बल्ब, उन्हाळ्यात गळायला लागलेला माठ, असं सगळं.

म्हणून त्यांनी "यंदा घराची थंडीची व्यवस्था मी घरातल्या घरात करणार आहे" असं जाहीर केलं तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा पुन्हा चिक्कूपणावर आला. रुपरावांनी तसं वाटू दिलं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. गेल्या जानेवारीत त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, न्यूमोनिया झाला. आठ दिवस त्या दवाखान्यात नाकावर मास्क लावून पडल्या होत्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, "काकाजी, पुढच्या थंडीत यांना जपा. पुन्हा असं झालं तर अवघड जाईल." रुपरावांनी मान हलवली आणि गोळ्यांच्या वेळा विचारल्या. अवघड म्हणजे किती अवघड, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. तो एक शब्द घेऊन ते वर्षभर फिरले. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, घामानं निथळत असतानाही त्यांना मधूनच पुढच्या थंडीची आठवण व्हायची.

मुलगा पियूष हैदराबादला होता. तो फोनवर म्हणाला, "बाबा, मी हीटर पाठवून देतो."

"नको. त्यानं हवा कोरडी होते."

"मग ऑइलवाला पाठवतो, त्यानं नाही होत."

"पियूष, तुझ्या आईची थंडी मी पाहून घेतो," असं म्हणून रुपरावांनी फोन ठेवला. पोरानं हैदराबादहून एक खोकं पाठवायचं आणि त्या खोक्यानं आपल्या बायकोला जगवायचं, हे त्यांच्या मनाला कुठंतरी लागलं. माणसाचा स्वाभिमान कुठं दडून बसलेला असतो सांगता येत नाही. रुपरावांचा हीटरच्या मागं होता.

सुरुवात कूलरपासून झाली. तो काढायचा तर स्टँडचे बोल्ट नऊ वर्षांच्या गंजानं एकजीव झालेले. मग तो तिथंच ठेवून त्याच्या आजूबाजूच्या फटी बुजवायचं ठरलं. रुपरावांनी कणकेची खळ शिजवली, महिन्याभराचे पेपर घेतले आणि दुपारभर बसून एकावर एक सात थर चिकटवले. काम देखणं झालं. दोन दिवसांनी उंदीर आले. त्यांनी खळ चाटली, पेपर कुरतडले आणि जाताना कूलरमधल्या गवताच्या जाळीत संसार मांडला. त्यांच्या दृष्टीनं घराची थंडीची व्यवस्था उत्तम झाली होती.

मग पुढच्या दाराची पाळी आली. रुपरावांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चौकटीला चारही बाजूंनी खिळ्यांनी ठोकल्या. वारा खरंच थांबला. पण दार आता चौकटीत पुरतं बसेना, त्यामुळं कडी लागेना. रेटून लावलं की रबरात अडकून राहायचं, एवढंच.

"चोर आला तर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"त्याले बी दम लागन उघडताना," रुपराव म्हणाले.

राहता राहिली गॅलरी. झोपायच्या खोलीला लागून रस्त्याच्या बाजूला, पूर्वेला तोंड करून असलेली. मधल्या दाराची फळी पावसाळ्यात फुगून वाकली होती, त्यामुळं गॅलरीतला वारा थेट पलंगावर यायचा. वरच्या मजल्यावरच्या यमुताईंनी सल्ला दिला. यमुताई सल्ला देतात तेव्हा पायऱ्यांवर उभ्या राहून देतात, म्हणजे तो चारही मजल्यांना मिळतो.

"भाऊजी, फ्लेक्स लावा ना. जुना. आमच्या गावी कापसाच्या गंजीवर तेच टाकते. वारा नाही जात, पाणी नाही जात."

रुपरावांना हा सल्ला एकदम पसंत पडला. आपल्या शहरात फ्लेक्सला तोटा नाही. कोणाचा तरी वाढदिवस रोज असतो. दुसऱ्या दिवशी ते बस बदलून जरीपटक्याला गेले. तिथं नत्थूचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि नत्थूशी त्यांची कारखान्यापासूनची ओळख होती.

"काकाजी, वाढदिवसाचे सगळे गेले," नत्थू म्हणाला. "शेतकरी लोक घेऊन जाते. हा एक आहे पाहा. दहा बाय आठ. कोरा करकरीत, एक दिवस बी टांगला नाही."

"काहून?"

"खालच्या रांगेत मोठ्या जावयाचा फोटो राहून गेला. त्यांच्या घरी पोहोचला अन् जावई जेवणावरून उठला. मग रातोरात दुसरा छापावा लागला."

नत्थूनं फ्लेक्स उलगडला. मधोमध एका म्हातारीचा मोठा गोल फोटो. डोक्यावर पदर, जाड काड्यांचा चष्मा, आणि फोटो काढणाऱ्यावर थोडा संशय असल्यासारखा चेहरा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये 'स्व. पुष्पलताबाई', आणि खाली 'शोकाकुल' या शब्दानंतर सतरा डोकी ओळीनं. अठराव्याची जागा नव्हती, एवढाच काय तो दोष. दहा बाय आठ म्हणजे गॅलरीचं तंतोतंत माप. रुपरावांनी एका मिनिटाचाही विचार न करता पुष्पलताबाईंची गुंडाळी केली आणि काखेत मारून घरी आणल्या.

पहिल्या दिवशी फोटो बाहेरच्या बाजूला ठेवून फ्लेक्स लागला. त्यात कोणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. उलट एवढी मोठी बाई पलंगासमोर नको, असाच विचार होता. तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी ओमप्रकाशजी वर आले. ओमप्रकाशजी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि तिथल्या सगळ्या फायली आपल्या रक्तात घेऊन आलेले.

"ढोलेजी, हे नाही चालणार. दर्शनी भाग आहे. परमिशन लागते."

"माझ्या गॅलरीत?"

"गॅलरी तुमची, दर्शनी भाग सोसायटीचा. अर्ज द्या, तीन प्रती. गॅलरीचा नकाशा जोडा. वरच्या मजल्याचं नाहरकत पत्र जोडा. कमिटीची मीटिंग जानेवारीच्या शेवटी आहे, तेव्हा ठराव ठेवून देऊ."

"जानेवारीच्या शेवटी थंडी संपते."

"मग तर काहीच प्रॉब्लेम नाही," ओमप्रकाशजी म्हणाले.

रुपरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून चिठ्ठ्या मागितल्या होत्या. स्वतः चिठ्ठी मागायला उभं राहणं म्हणजे काय हे त्यांना एकसष्टी उलटून गेल्यावर कळलं. त्यांनी तीन प्रती लिहिल्या. यमुताईंनी नाहरकत पत्र दिलं, पण त्याआधी आपला गळका नळ दुरुस्त करून घेतला. शेवटी ओमप्रकाशजींनी एक मधला मार्ग काढला. फ्लेक्सची पाठ पांढरी असते आणि बिल्डिंगचा रंगही पांढराच आहे, तेव्हा पाठ बाहेर ठेवली तर ते बॅनर नसून पडदा समजण्यात येईल. पडद्याला परवानगी लागत नाही.

अशा रीतीनं, सरळ कायद्यानं, पुष्पलताबाई तोंड आत करून मनकर्णाबाईंच्या पलंगासमोर उभ्या राहिल्या.

"हे कोण आहे जी?" मनकर्णाबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"फ्लेक्स आहे."

"ते दिसून राहिलं. बाई कोण आहे?"

"कोणी नाही. वारा अडवाले आणली."

मनकर्णाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "मेलेल्या बाईले वारा अडवाले आणलं," त्या म्हणाल्या. "जितेपणी बी तेच केलं असन तिनं."

पहिले दोन दिवस रुपराव खुशीत होते. वारा बंद झाला होता. तिसऱ्या दिवसापासून एक गोष्ट जाणवायला लागली, आणि ती कबूल करणं त्यांना जड गेलं. खोलीत ऊन येईनासं झालं होतं. इतकी वर्षं थंडीत मनकर्णाबाई सकाळी आठ ते अकरा गॅलरीतल्या उन्हात पाठ करून बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या ओल्या शेंगा, आणि शेंगा सोलता सोलता रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी. आता गॅलरी म्हणजे दिवसाढवळ्या अंधारी कोठी झाली. फरशी तापेना. दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस ओले राहायला लागले आणि खोलीला एक कुबट वास धरला. मनकर्णाबाईंचा खोकला, जो नुसता सकाळचा होता, तो दुपारपर्यंत लांबला.

"ऊन कुठं गेलं हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"ऊन आलं तर वारा बी येते," रुपराव म्हणाले. हे बोलताना आपण चुकतो आहोत असं त्यांना आतून वाटत होतं. पण तीन प्रतींत अर्ज केलेल्या गोष्टीवरून माणूस असा सहजासहजी मागं येत नाही.

मनकर्णाबाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी समोरच्या बाईशी बोलायला सुरुवात केली. दुपारी रुपराव स्वयंपाकघरात चहा करत असले की त्यांना आतून आवाज यायचा. "पुष्पाबाई, तुमच्या मधल्या सुनेचं तोंड काहून वाकडं आहे वं? फोटो काढताना बी भांडली का?" मग थोडा खोकला, मग पुन्हा, "चांगलं केलं त्या जावयानं. फोटो राहिला तर माणूस रागावनच." रुपरावांना हसू यायचं आणि लगेच जायचं. आपली बायको दिवसभर एका गेलेल्या बाईशी गप्पा मारते, आणि ती बाई आपण स्वतः बस बदलून आणली आहे, हे काही त्यांना बरं वाटत नव्हतं.

त्यात आणखी एक झालं. रुपराव घरातून निघताना नेहमी "येतो वं" म्हणायचे. कळमेश्वरच्या नोकरीची चौतीस वर्षं आणि नंतरची सहा, दवाखान्यातले ते आठ दिवस सोडले तर एक दिवस खंड नाही. मनकर्णाबाई आतून "या" म्हणायच्या, मग ते जिना उतरायचे. एका सकाळी ते भाजीला निघाले आणि सवयीनं म्हणाले, "येतो वं."

"येतो नका म्हणू," मनकर्णाबाई हसून म्हणाल्या. "दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाही. पुष्पाबाईले काय वाटन?"

रिवाज खराच आहे. जिथं माणूस गेलेलं असतं तिथं कोणी बेल वाजवत नाही, दार उघडंच असतं. यायचं, गुपचूप बसायचं आणि न बोलता उठून जायचं. येतो म्हणायचं नाही, कारण तशा कामासाठी पुन्हा यायला नको. हे लहान पोरालाही माहीत असतं. मनकर्णाबाईंनी गंमत केली होती. पण रुपराव त्या दिवशी खरंच न बोलता गेले, आणि दुसऱ्या दिवशीही. नंतर म्हणायचं म्हटलं तरी ते दारापाशी थांबायचे आणि पिशवी उचलून निघून जायचे. जिन्यावरून उतरताना रोज त्यांना काहीतरी घरात विसरल्यासारखं वाटायचं.

मग तो दिवस आला. टीव्हीवाल्यानं सांगितलं की पारा आठावर आलाय. मनकर्णाबाईंचे हात दुपारीसुद्धा गार होते. रुपरावांनी दोन रजया टाकल्या, तिसरी टाकली, आणि ते हात आपल्या हातात धरून बसले. त्यांना दवाखान्यातली ती खाट दिसायला लागली. त्याच वेळी फोन उचलून पियूषला "पाठव तुझा हीटर" म्हणायला हवं होतं. त्यांनी माळ्यावरून बल्ब काढला.

कळमेश्वरच्या बाजूला कोंबड्यांची पिल्लं मोठ्या बल्बखाली ठेवतात, हे त्यांनी जाता येता पाहिलेलं होतं. पिल्लू जगतं तर माणूस का नाही? संध्याकाळी साडेसहाला त्यांनी तो बल्ब गॅलरीत, फ्लेक्सच्या आतल्या बाजूला, टांगला आणि लावला. उजेड भरपूर पडला. पुष्पलताबाई नखशिखान्त उजळून निघाल्या. ऊब मात्र कोंबडीच्या एका पिल्लाला पुरेल इतपतच होती.

तेव्हा त्यांना माठ आठवला. घरात शेगडी नव्हती, पण गळका माठ होता. त्याचा काठ त्यांनी हातोडीनं उतरवला, गळ्याला सुतळीचे फास टाकले आणि मफलर काढून हातावर गुंडाळला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं काम संध्याकाळी संपतं आणि उरलेले निखारे तो पाणी मारून विझवतो. चांगले निखारे विझवायचे म्हणजे रुपरावांच्या लेखी पापच.

"काकाजी, काय झालं?" निखारे भरताना इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"काही नाही. घरी लागते," रुपराव खाली मान घालून म्हणाले. मागून न्यायची त्यांना लाज वाटत होती.

आता हे दृश्य जरा डोळ्यांसमोर आणा. थंडीतली संध्याकाळ. एक म्हातारा माणूस उघड्या डोक्यानं, खांद्यावर पांढरी शाल, हातात सुतळीनं धरलेलं मडकं, मडक्यात निखारे, असा अगदी हळूहळू चालत येतो आहे. हळू, कारण सुतळी जळेल ही भीती. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहतं आहे. आपल्याकडे मडक्यात विस्तव धरून माणूस केव्हा चालतो हे सांगायला नको.

फाटकाजवळ ओमप्रकाशजी उभे होते. त्यांनी रुपरावांना पाहिलं, मडक्याला पाहिलं, आणि मग मान वर करून पहिल्या मजल्याकडे पाहिलं. तिथं पांढऱ्या पडद्यावर आतल्या उजेडानं एका म्हातारीचा डोक्यावर पदर घेतलेला भलामोठा चेहरा उमटला होता. वरची मोठी अक्षरं उलटी होती, ती वाचता येत नव्हती, पण ती वाचायची गरज कोणालाच पडत नाही. मनकर्णाबाई आठ दिवसांत गॅलरीत दिसल्या नव्हत्या. ओमप्रकाशजींनी टोपी काढली आणि हात जोडले.

या माणसानं आजवर रुपरावांना कधी नमस्कार केला नव्हता. शेवटी त्याला आपल्या धडपडीची किंमत कळली, असं रुपरावांना वाटलं. त्यांनी डोळे पुसत गंभीरपणे मान हलवली आणि ते जिना चढले.

पुढचं सगळं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालं. ओमप्रकाशजींनी निरोप टाकला, त्याखाली पाच मिनिटांत एकेचाळीस जोडलेले हात आणि 'ॐ शांती' जमा झालं. सोसायटीच्या फंडातून हार आणायला माणूस गेला. रुपरावांचा फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता आणि त्याचा आवाज बंद होता.

खोलीत आल्यावर रुपरावांनी माठ पलंगाजवळ विटेवर ठेवला. खोलीचं दार लावलं, त्याखाली टॉवेल कोंबला. थोड्याच वेळात खोली खरोखर उबदार झाली. मनकर्णाबाईंनी रजईतून हात बाहेर काढले आणि निखाऱ्यांवर धरले.

"आता बरं वाटते," त्या म्हणाल्या. ते ऐकून रुपरावांच्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं. ते खाली चटईवर पलंगाला टेकून बसले.

"पुष्पाबाईच्या मागं सतरा लोक आहे," थोड्या वेळानं मनकर्णाबाई म्हणाल्या. "माहा फ्लेक्स छापला तर किती होतीन जी?"

"काहीबाही बोलू नको."

"आपल्याले जावई नाही. भांडण बी नाही होणार."

रुपरावांना राग आला. तू गेलीस तर मी काय करू, असं त्यांना म्हणायचं होतं. शब्द तोंडात होते, पण डोकं जड झालं होतं आणि जीभ हलेना. आपण दमलो, असं त्यांना वाटलं. दिवसभर खपलो, आता ऊब मिळाली, म्हणून गुंगी येते आहे. उद्या सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. मनकर्णाबाईंचा खोकला थांबला होता. औषधाशिवाय थांबला, याचं त्यांना फार समाधान वाटलं, आणि त्यांनी डोळे मिटले.

कधीतरी पुढचं दार रबरावर घासत उघडल्याचा आवाज झाला. बेल वाजली नाही. पावलांचा आवाज आला, पुष्कळ पावलांचा, पण बोलणं नाही. खोलीचं दार ढकललं गेलं. रुपरावांनी महाप्रयासानं डोळे उघडले तर त्यांना पांढरे कपडे दिसले. एकामागं एक माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्या माना खाली. पुढं ओमप्रकाशजी, त्यांच्या हातात हार.

रुपरावांना सगळं समजलं. एवढे लोक असे आले आहेत, म्हणजे ती गेली. आपण इथं बसलो होतो आणि ती वर पलंगावर गेली, आपल्याला कळलंही नाही. त्यांना उठायचं होतं, तिला हात लावायचा होता, पण पाय जागचे हलत नव्हते. ते बसल्या जागी रडायला लागले.

यमुताई पलंगाशी गेल्या. त्यांनी कपाळाला हात लावला, मग गळ्याला, आणि मग त्या मागं वळल्या. "अजी, हिचा जीव आहे. ही जिती आहे."

ओमप्रकाशजींनी माठाकडे पाहिलं, बंद दाराकडे, कोंबलेल्या टॉवेलकडे. रेल्वेतल्या माणसाला कोळशाचा धूर ठाऊक असतो. त्यांनी हार फेकला, गॅलरीत गेले आणि दोन्ही हातांनी फ्लेक्स ओढला. खिळे तटातटा तुटले. कोणाचा अर्ज नाही, प्रती नाहीत, ठराव नाही. आठ अंशांचा वारा, ज्याच्याशी रुपरावांनी उभा दावा मांडला होता, तो भस्सकन खोलीत आला. दोघांनी माठ उचलून बाहेर नेला.

मनकर्णाबाईंना खोकल्याची उबळ आली. लांब, कोरडी, छाती फोडणारी. वर्षभर ज्या आवाजाला रुपराव घाबरत आले होते तोच आवाज, आणि तो त्यांनी असा कान देऊन ऐकला. मग मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. समोर वीस-पंचवीस माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी.

"कोण गेलं वं, यमुताई?" त्यांनी विचारलं.

यमुताईंनी हाराकडे पाहिलं, ओमप्रकाशजींनी खाली पाहिलं. मनकर्णाबाईंची नजर सगळ्यांवरून फिरून पुन्हा हारावर आली.

"मी गेली का?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून कोणीतरी रुपरावांचा फोन घेऊन आलं. त्यावर पियूषचे तेवीस मिस्ड कॉल होते. फ्लॅट त्याच्या नावावर, म्हणून तो सोसायटीच्या ग्रुपवर होता. चोविसावा फोन तिथंच आला. मनकर्णाबाईंनी तो घेतला आणि पलीकडचं रडणं जरा वेळ ऐकून घेतलं. "अरे, मी बोलून राहिली," त्या म्हणाल्या. "रडू नको. मी आहे. तुझे बाबा बी आहे, त्याहीले मी आता पाहते."

डॉक्टर आला. बंद खोलीतल्या कोळशाच्या वायूत अजून अर्धा तास गेला असता तर दोघंही हाती लागले नसते, असं त्यानं स्पष्ट सांगितलं, आणि दवाखान्यात जाऊन ऑक्सिजन लावून घ्या म्हणाला. गाडी बोलावली. आता आलेल्या लोकांचं काय करायचं हे कोणालाच कळेना. ते आले होते एका कामाला आणि झालं होतं भलतंच. ओमप्रकाशजी अवघडून उठले आणि सवयीप्रमाणं काही न बोलता, मान खाली घालून दाराकडे निघाले. त्यांच्यामागून बाकीचे.

"थांबा जी," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळे थांबले. "असे मुक्यानं जाऊ नका. येतो म्हणून जा."

ओमप्रकाशजी मागं फिरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "येतो, भाभीजी," ते म्हणाले.

मग यमुताई "येते वं" म्हणाल्या. मग तिसऱ्या मजल्यावरचे, मग चौथ्यावरचे, मग इस्त्रीवाला, जो सगळ्यांत मागं दारात उभा होता. प्रत्येकानं म्हटलं आणि प्रत्येकाला मनकर्णाबाईंनी "या" म्हटलं. भिंतीला टेकून बसलेले रुपराव ते ऐकत होते. एवढ्या लोकांदेखत एवढी शोभा होऊनही त्यांना लाज वाटत नव्हती, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्यातून परत आले तेव्हा गॅलरीत ऊन पडलं होतं. कमरेइतकं, पिवळं, फुकटचं. रुपरावांनी तिथं खुर्ची ठेवली, मनकर्णाबाईंना शालीत गुंडाळून बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसले. फरशी कोमट होती. पुष्पलताबाई कोपऱ्यात अर्ध्या फाटून पडल्या होत्या.

"तिले कचऱ्यात नका टाकू," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिनंच लोकाले बोलावलं." मग त्यांच्या सांगण्यावरून रुपरावांनी फ्लेक्सची नीट घडी केली, चेहरा वर राहील अशी, कूलरवर घातली, आणि सोसायटीच्या फंडातला हार तिलाच वाहिला. तो परत घेत नाहीत, असं ओमप्रकाशजींनी आधीच कळवलं होतं.

रस्त्यावरून दूधवाला गेला.

"मले भेव वाटते वं," रुपराव एकदम म्हणाले.

"कायचं?"

"डॉक्टर मागच्या वर्षी म्हणला होता. पुन्हा झालं तर अवघड आहे. मी तुले सांगतलं नाही."

"मले मालूम आहे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी तिथंच होती ना. मास्क नाकाले होता, कानाले नोता."

रुपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभर ते एकटेच ती गोष्ट घेऊन फिरत आहेत असं समजत होते, आणि ही बाई तीच गोष्ट सोबत घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "तू गेली तर मी काय करू?" ते म्हणाले. काल रात्री राहून गेलेलं होतं ते.

मनकर्णाबाईंना खोकला आला, तो ओसरेपर्यंत रुपराव त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. जानेवारी अजून पूर्ण बाकी होता. पियूष हीटर घेऊन संध्याकाळच्या विमानानं येणार होता, आणि रुपराव त्याला काही बोलणार नव्हते.

"शेंगा आणता का?" त्या म्हणाल्या. "नुसतं बसून काय करू मी?"

रुपराव उठले. पिशवी घेतली, चपला घातल्या, रबरात अडकलेलं दार ओढून उघडलं. दोन पायऱ्या उतरले आणि परत फिरले. थेट गॅलरीच्या दारापर्यंत आले, चपलांसकट.

"येतो वं," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी उन्हात डोळे मिटले होते. "या," त्या म्हणाल्या, "अन् कोवळ्या पाहून आणा."